नाही, नव्हे, नको

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा हमरस्ता बांबवडे आणि मलकापूर ही गावे मागे टाकून आंबा घाटाच्या तोंडाशी पोहोचतो, तेवढ्या अंतरात इंग्रजी भाषेतील 'नो' हा लहानसा शब्द प्रवाशाच्या दृष्टीस कितीतरी वेळा पडतो. वाहनतळावर तो 'नो पार्किंग' होऊन उभा असतो, बँकेत 'नो ड्यूज' म्हणून मागितला जातो, तहसील कचेरीत 'एन.ओ.सी.' या तीन अक्षरांत दडून बसतो. आणि महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला 'नॉन-क्रिमीलेअर' नावाचा जो दाखला प्रांत कचेरीतून आणावा लागतो, त्याच्या नावाचा प्रारंभच या शब्दाच्या एका भावंडाने होतो. शाहूवाडी तालुक्यातील शेतकरी हे सारे शब्द सहज उच्चारतो, कारण त्यांवाचून त्याचे काम अडते. परंतु तोच शेतकरी घरी परतून आपल्या माणसांशी बोलू लागला, म्हणजे 'न्हाई', 'न्हवं', 'नगं', 'येईना', 'नसंल', 'नये' अशा निरनिराळ्या रूपांनी नकार देतो, आणि यांपैकी कोणते रूप कोठे वापरावे याविषयी त्याची कधीही चूक होत नाही. इंग्रजीने एकदोन शब्दांवर सोपविलेले काम मराठीने एवढ्या जणांत का वाटून दिले असावे, आणि ही वाटणी आपण आज कितपत सांभाळीत आहो, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. आजच्या इंग्रजीतील 'नो' आणि 'नॉट' हे दोन्ही शब्द मुळात जोडशब्द आहेत. प्राचीन इंग्रजीत 'ने' हा एकच निषेधवाचक शब्द क्रियापदाच्या आधी येत असे; त्याला 'सदैव' या अर्थाचा शब्द जोडून 'नो' झाला, आणि 'काही वस्तू' या अर्थाचा शब्द जोडून कालांतराने 'नॉट' झाला. मूळचा 'ने' उच्चारात दुबळा होत गेल्यामुळे बोलणाऱ्यांना त्यास आधार द्यावासा वाटला, पुढे तो आधारच मुख्य होऊन बसला आणि मूळचा शब्द गळून पडला. डेन्मार्कचे भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ साली नकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून अनेक भाषांत घडणारी ही क्रिया दाखवून दिली. याहून आपल्या विषयाला जवळची गोष्ट पुढे आहे. जुन्या इंग्रजीत 'नाही' असे उत्तर देण्यासाठी दोन शब्द होते. साध्या प्रश्नाला 'ने' या उच्चाराचाच, परंतु वेगळा, एक शब्द उत्तर म्हणून योजीत, आणि प्रश्नातच नकार असला तर 'नो' म्हणत. सोळाव्या शतकात सर टॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडल यांना या दोन शब्दांची सरमिसळ केल्याबद्दल जाहीरपणे फटकारले होते. परंतु भाषा टिंडलच्या वाटेने गेली, एक शब्द मागे पडला, आणि आजच्या इंग्रजी वाचकास असा काही भेद एके काळी होता हे पुस्तकातून शिकावे लागते. मराठीतही याच जातीची एक घटना आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे, म्हणून हा इतिहास येथे सांगितला.

ती घटना 'नाही' आणि 'नव्हे' या दोन शब्दांची आहे. गोठ्यात जनावर नसलेला मनुष्य शाहूवाडीत म्हणेल, "माज्याकडं बैल न्हाई", आणि दुसऱ्याचा बैल शेतात शिरून पीक खात असताना त्याला जाब विचारला, तर तो म्हणेल, "ह्यो माजा बैल न्हवं." पहिल्या वाक्यात बैलाच्या अस्तित्वाचाच निषेध आहे. दुसऱ्यात बैल धडधडीत समोर उभा आहे, त्याचे अस्तित्व कोणी नाकारीत नाही. नाकारली जात आहे ती 'हा बैल' आणि 'माझा बैल' यांची एकरूपता. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी एकाच शब्दाने भागते. मराठीत मात्र दोन वेगळी क्रियापदे लागतात. आणि ती क्रियापदेच आहेत, कारण 'तू नाहीस', 'ते नाहीत', 'तो नव्हता', 'त्या नव्हत्या' अशी पुरुषवचनांप्रमाणे व काळाप्रमाणे त्यांची रूपे पालटतात. इंग्रजी 'नो' राजासमोर आणि रंकासमोर, एकासमोर आणि शंभरांसमोर सारखाच राहतो. मराठी 'नाही' मात्र ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याला पाहून आपले रूप ठरवितो.

आपल्याकडील न्यायवैशेषिक दर्शनांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले, आणि त्याचे जे वर्गीकरण केले त्यात हाच भेद पायाभूत धरला आहे. जमिनीवर घट नाही, हा संसर्गाभाव. घट हा पट नव्हे, हा अन्योन्याभाव. संसर्गाभावाचे पुन्हा तीन प्रकार: वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, आणि जी तेथे कधीच नव्हती व कधी असणार नाही तिचा तो अत्यंताभाव. रोहिणी कोरड्या गेल्या असता "पाऊस न्हाई अजून" असे म्हणणारा मनुष्य प्रागभावाविषयी बोलत असतो, आणि पडक्या वाड्याकडे बोट दाखवून "आता काय न्हाई ऱ्हायलं" म्हणणारी म्हातारी प्रध्वंसाभावाविषयी. त्यांना ही पारिभाषिक नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु नैयायिकांना संस्कृतात एकाच 'न' वर भिस्त ठेवून जो मुख्य भेद लक्षणे बांधून स्पष्ट करावा लागला, तो 'नाही' आणि 'नव्हे' या दोन शब्दांनी मराठीत नांगरधाऱ्याच्या तोंडीही आपोआप होतो, ही मला या भाषेची फार मोठी मिळकत वाटते.

ही मिळकत आता कमी होत चालली आहे. शहरातील सुशिक्षित मराठी घरांत "हा माझा नंबर नाही", "ती माझी बहीण नाही" असे सर्रास बोलले जाते. 'नव्हे' हा शब्द 'इतकेच नव्हे तर' या ठराविक साच्यात आणि सभेतील भाषणात तेवढा उरला आहे. भूतकाळी 'नव्हता' टिकला आहे खरा, पण तो आता 'नाही' चे भूतकाळी रूप म्हणूनच समजला जातो. इंग्रजी माध्यमातून विचार करण्याची सवय हे याचे एकमेव कारण असेल असे म्हणता येणार नाही; तथापि ज्या भाषेत हा भेद नाही त्या भाषेत दिवसाचे आठ तास काम करणाऱ्याला आपल्या भाषेतला भेद अनावश्यक वाटू लागतो, हे स्वाभाविक आहे.

'नको' ची कथा वेगळी आहे. तो निषेधही करतो आणि अनिच्छाही सांगतो. "जाऊ नको" यात आज्ञा आहे, "मला नको" यात इच्छेचा अभाव आहे, आणि ज्येष्ठांशी बोलताना आज्ञेतला 'नको' 'नका' होतो. कोल्हापुराकडे तो 'नगं', 'नगस', 'नगा' अशा रूपांनी नांदतो. हा शब्द मराठीची वेस ओलांडून गेला आहे. विजापूर आणि गोवळकोंडा येथील दख्खनी बोलीने तो 'नक्को' म्हणून उचलला, आणि आजही हैदराबादेच्या बाजारात तो ऐकू येतो. विशाळगड, ज्याचे जुने नाव खेळणा, तो किल्ला १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी घेईपर्यंत हा सारा डोंगराळ मुलूख आदिलशाही अंमलाखाली होता. त्या काळात दरबाराकडून रयतेकडे आलेल्या शब्दांची यादी मोठी आहे, परंतु रयतेकडून तिकडे गेलेल्या मोजक्या शब्दांत हा 'नको' आहे. घाट उतरून दक्षिणेस गोव्यात गेले, म्हणजे कोंकणीत 'ना', 'न्हय' आणि 'नाका' अशी तीन भावंडे भेटतात, आणि त्यांच्यातली कामाची वाटणी पुष्कळशी आपल्या 'नाही', 'नव्हे', 'नको' यांसारखीच आहे.

या 'नको' चा व्यवहारातील अर्थ कोशात सापडत नाही. मलकापुराकडील एखाद्या घरी दुपारच्या वेळी पाहुणा टेकला, की "च्या घेनार न्हवं?" असे विचारले जाते, आणि पाहुणा "नगं नगं, आत्ताच झालाय" असे म्हणतो. घरधनीण ते ऐकते आणि आधण ठेवते. पहिला 'नगं' म्हणजे संकोच होय, दुसरा म्हणजे यजमानाचा आग्रह खरा आहे की नाही याची खातरजमा होय, आणि पाहुण्याला खरोखर घ्यावयाचा नसेल तर त्याला कारण सांगावे लागते: उपास आहे, पित्त झाले आहे, पुढे गाडी चुकेल. पंगतीतही तेच. वाढप्याला तोंडाने कितीही 'नको' म्हटले तरी तो थांबत नाही. पानावर आडवा पंजा धरला म्हणजेच तो पुढे सरकतो. एखाद्या इंग्रज यजमानाने पहिल्याच 'नको' वर भांडे परत नेले असते, आणि पाहुणा उपाशी उठला असता.

'नये' विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 'येथे थुंकू नये', 'फुले तोडू नयेत' या पाट्यांवर तो आज्ञेचा कडकपणा टाळून औचित्याची जाणीव देतो, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुरे.

याउलट ज्या रूपाकडे व्याकरणाच्या पुस्तकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते, ते म्हणजे 'येईना', 'बसेना', 'उघडेना' हे. आषाढात आंबा आणि गजापूर या पट्ट्यात पावसाची जी झड लागते तिच्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. त्या दिवसांत घरोघर ऐकू येणारे वाक्य असे असते: "पाऊस उघडंना, वैरन वाळंना, चूल पेटंना." याऐवजी 'पाऊस उघडला नाही, वैरण वाळली नाही, चूल पेटली नाही' असे म्हटले तर बातमी तीच पोहोचते, पण मनुष्याची धडपड तिच्यातून निघून जाते. 'पेटली नाही' यात केवळ घटना न घडल्याची नोंद आहे. 'पेटेना' यात फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांत आलेले पाणी आहे, पुन्हा काडी ओढणे आहे, आणि लाकूड जणू हट्टाला पेटून ऐकत नसल्याची तक्रार आहे. क्रियापदाच्या जुन्या वर्तमानकाळी रूपाला, म्हणजे आज आपण ज्याला रीतिभूतकाळ म्हणतो त्याला, नुसता 'ना' जोडून मराठीने हा अर्थ साधला आहे: प्रयत्न झाला, होत आहे, आणि वस्तू किंवा व्यक्ती वश होत नाही. "पोरगं जेवंना", "बैल उठंना", "गवं शिवारातनं हलनात". इंग्रजीत हे सांगावयाचे तर इच्छावाचक साहाय्यक क्रियापदाची मदत घ्यावी लागते, आणि तरीही त्यातली अगतिकता पुरती उतरत नाही.

नकार वाक्यात कोठे बसतो, यावरही बरेच अवलंबून असते. इंग्रजीत 'कोणी नाही' आणि 'काही नाही' यांसाठी स्वतंत्र एकेक शब्द आहेत व ते नामासारखे वाक्याच्या आरंभी येऊन बसू शकतात; मराठीत अशी नामेच नाहीत. आपण "कोणीही आले नाही" असे म्हणतो, म्हणजे आधी 'कोणीही' ला उभे करून शेवटी क्रियापदाच्या ठिकाणी त्याला नाकारतो. होमरच्या ग्रीक महाकाव्यात ओडिसियस एकाक्ष राक्षसाला आपले नाव 'कोणी नाही' असे सांगतो, आणि पुढे डोळा फुटल्यावर राक्षस 'कोणी नाही मला मारतो आहे' अशी हाक फोडतो, म्हणून त्याचे सोबती मदतीला न येता परत जातात. ही युक्ती इंग्रजीत सहज उतरते, मराठी भाषांतरकाराला मात्र ती घाम फोडते. नकारात्मक प्रश्नाच्या उत्तरातही हाच फरक आडवा येतो. "पैसे मिळाले न्हाईत?" या प्रश्नाला आपला मनुष्य "व्हय, न्हाईत मिळाले" असे उत्तर देतो, कारण तो विचारणाऱ्याच्या समजुतीला दुजोरा देत असतो. इंग्रजीत येथे 'नो' म्हणावे लागते. खेड्यातून शिकून मुंबईपुण्यास मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराची इंग्रजी उत्तरे कधीकधी उलट समजली जातात, ती त्याच्या अज्ञानामुळे नव्हे. त्याचे मन प्रश्नकर्त्याशी सहमती दाखवीत असते आणि इंग्रजी भाषा केवळ वस्तुस्थितीचा विचार करीत असते.

मराठी मनुष्य नकाराच्या बाबतीत एवढा सधन असूनही घरात मात्र तो उच्चार शक्य तितका टाळतो. वास्तू तथास्तु म्हणते, अशी आपली श्रद्धा असल्यामुळे घरात 'नाही' हा शब्द नांदू नये असे वडीलधारी माणसे सांगत आली. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली म्हणावे, घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, ही सारी त्याच श्रद्धेची वळणे. ज्याला नाकारावयाचे त्याच्याही तोंडावर 'नाही' न म्हणता "बघू की", "सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेण्याची रीतही याच मुळातून आलेली असावी. घरात ही रीत शोभते, सोयरीक जुळविताना तर ती उपकारक ठरते. पण ती सरकारी दफ्तरात शिरली म्हणजे रयतेचे नुकसान होते.

दफ्तरातील नकाराची भाषा मात्र मुळात अशी पळपुटी नव्हती. फारसीतून आलेले 'ना', 'बे', 'गैर' आणि 'ला' हे उपसर्ग घेऊन मराठी कारभाराने नामंजूर, नाकबूल, बेदखल, बेवारस, गैरहजर, लावारस असे टणक शब्द घडविले, आणि ते इतके मुरले की 'गैरसोय' सारख्या शब्दात फारसी उपसर्गाने मराठी शब्दाशी घरोबा केला तरी कोणाला खटकत नाही. गावच्या सेवा सोसायटीकडून कर्ज फिटल्याचा जो 'बेबाकी दाखला' मिळतो, त्यात 'बाकी नाही' ही गोष्ट तीन अक्षरांत बसली आहे. 'नो ड्यूज' पेक्षा हा शब्द अधिक नेमका आहे आणि तो आजही चालू आहे. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे आणि पुढे कोल्हापूरच्याच राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांनी भाषाशुद्धीच्या वादात उतरून 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. शुद्धीचा आग्रह कोठवर न्यावा याविषयी मतभेद राहतील. माझ्या मते 'नामंजूर' आणि 'बेबाकी' यांना घालवून देण्यात काही लाभ नाही. एकाच गोष्टीला कायद्यात 'अकृषिक', कचेरीत 'बिनशेती', वर्तमानपत्रात 'बिगरशेती' आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी "प्लॉट एनए हाय का?" असे चार नकार असावेत, ही अवस्था मात्र बरी नव्हे.

संस्कृताने दिलेल्या 'अ' या उपसर्गाचे सामर्थ्यही दफ्तरात जपून वापरावे असेच आहे. प्राचीन वैयाकरणांनी त्याचे सहा अर्थ सांगितले: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. 'अवेळ' म्हणजे वेळेचा अभाव नव्हे, तर अप्रशस्त वेळ. 'अधर्म' म्हणजे धर्माहून निराळे काही एवढेच नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असलेले. नामाला चिकटलेला निषेध आणि क्रियापदाला लागलेला निषेध यांना त्यांनी अनुक्रमे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध अशी नावे दिली. हा भेद निव्वळ पंडिती नाही. 'अर्जदारास अपात्र ठरविले' आणि 'अर्जदारास पात्र ठरविले नाही' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात निर्णय झाला आहे, त्यावर अपील करता येते. दुसऱ्यात निर्णय झाला की राहिला हेच कळत नाही. एखादा उपसर्ग किंवा विशेषण माणसाच्या आयुष्यात किती खोल जाऊ शकते, हे विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांना विचारावे. 'कायम विनाअनुदानित' या शब्दसमूहातील 'कायम' हा शब्द वगळावा यासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले, आणि २००९ साली तो वगळला गेला तेव्हा 'विना' तसाच राहूनही अनुदानाची आशा बाळगण्यास जागा झाली.

शब्दावाचून दिलेल्या एका नकाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात महिलांचे जे विशेष मतदान घेतले जाते, त्यात चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. अक्षरओळख नसलेली बाईही आडव्या बाटलीवर शिक्का मारून नकार देऊ शकते, आणि तो मोजलाही जातो.

अखेरीस पुन्हा 'न्हवं' कडे येतो. शाहूवाडीच्या बोलीत हा शब्द निषेधापुरता राहिलेला नाही. "जेवलाईस न्हवं?", "येनार न्हवं?" या प्रश्नांत तो नकार देत नाही, तर समोरच्याचा होकार गृहीत धरून त्याची आपुलकीने खात्री करून घेतो, प्रमाण मराठीतील 'येतोस ना?' मधल्या 'ना' चेही काम हेच. शाळेत मूल निबंधात 'ह्यो माजा बैल न्हवं' असे लिहिते, तेव्हा त्याखाली तांबडी रेघ ओढून 'हा माझा बैल नाही' अशी दुरुस्ती करण्याचा मोह शिक्षकांना होतो. त्या शिक्षकांना माझी विनंती आहे की उच्चार आणि लेखन प्रमाण भाषेप्रमाणे करून द्यावे, पण दुरुस्ती 'हा माझा बैल नव्हे' अशी करावी. ते मूल अशुद्ध बोललेले नाही. पुस्तकी मराठी जे गमावीत आहे ते त्याच्या तोंडी अजून शाबूत आहे, आणि हे त्याला वर्गात सर्वांदेखत सांगावे.